टाचेखालचं सिलिकॉन

पहिल्या शिफ्टला सकाळी पावणेसातला आमच्या शॉपफ्लोअरच्या दाराशी एक रांग लागते. हजेरीची नाही, ते पंचिंग बाहेर गेटवरच होतं. ही बुटांची रांग. भिंतीला एक डबा लावलाय, खाली जमिनीवर दोन पावलांसाठी दोन स्टीलच्या प्लेटा. प्लेटांवर उभं राहायचं, बोटाने बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की दाराचं लॉक खटकन उघडतं, लाल लागला तर बाजूला व्हायचं आणि मागची पन्नास माणसं आपल्याकडे बघतात ते सहन करायचं.

जानेवारीत एका सोमवारी मला लाल लागला.

आता ह्यात ब्लॉग लिहिण्यासारखं काय, तर आमच्या प्लँटमध्ये ईएसडीचं, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेने इलेक्ट्रॉनिक पार्ट मरू नयेत ह्याचं, ट्रेनिंग मीच देतो. नवीन पोरं-पोरी जॉईन झाल्या की पहिल्या दिवशी दोन तास मी त्यांना पिडतो, रिस्ट बँड असा घालायचा, एप्रनचं बटण उघडं ठेवायचं नाही, बुटात स्वतःचं काही घालायचं नाही, हे शेवटचं वाक्य तर मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारतो. कंपनीचं नाव नको, रांजणगाव एमआयडीसीत आहे, गाड्यांना लागणारे कंट्रोलर बनतात आमच्याकडे, म्हणजे मोकळे पीसीबी, इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, दिवसभर ह्या हातातून त्या हातात फिरत असतात.

तर झालं असं होतं की डिसेंबरपासून माझी उजवी टाच दुखत होती. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकलं की खिळा टोचल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले उभं राहणं कमी करा, मी म्हटलं साहेब नोकरीच उभं राहायची आहे, मग म्हणाले टाचेखाली सिलिकॉनचे कप घाला. मेडिकलमधून शनिवारी घेतले, निळसर, जेलीसारखे, रविवारी घरात घालून फिरलो, काय आराम पडला सांगू. सोमवारी सकाळी थंडीत झोपेच्या तारेत तेच कप ईएसडी शूजमध्ये सरकवले, बस पकडली (हो, बूट घालूनच बसमध्ये बसलो, तेही चूकच, त्यावर पुढे येतो), आणि टेस्टरवर उभा राहिलो.

लाल. परत दाबलं, लाल. दोन्ही बाजूंना ‘हाय’, म्हणजे बुटातून वीज जायला अडथळा जास्त. मी खिशातल्या रुमालाने प्लेटा पुसल्या, बोट एप्रनला घासलं, परत दाबलं. लाल. मग मी जगातला प्रत्येक माणूस करतो तेच केलं, म्हणालो टेस्टरच गंडलाय, कॅलिब्रेशन बघायला पाहिजे. माझ्या मागचा पोरगा पुढे झाला, बटण दाबलं, हिरवा, आत गेला. त्याच्या मागची, हिरवा. मी तिथेच बाजूला, कानशिलं गरम.

तेवढ्यात लाईनवरच्या एक ताई, आठ-नऊ वर्षं जुन्या आहेत, अगदी मायेने हळूच म्हणाल्या, "सर, मोजे ओले करा की थोडे."

आणि रांग एकदम गप्प. तो शांतपणा मी विसरणार नाही. दोघीतिघींनी ताईंकडे असं बघितलं की बाई काय बोलून बसलीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की थंडीच्या दिवसात अर्धी लाईन बेसिनवर जाऊन मोज्याला पाण्याचा हात लावून टेस्टर पास करत होती आणि मी ऑडिटला शंभर टक्के हिरवं रेकॉर्ड दाखवून मिरवत होतो.

ज्यांना ह्या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. थंडीत स्वेटर काढताना अंधारात तडतड होतं, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो, तीच ही स्थिर वीज. तो चटका आपल्याला जाणवायला अंगावर साधारण ३००० व्होल्ट लागतात. त्याच्या खाली काही कळतच नाही. आणि बोर्डावरचे काही पार्ट १०० व्होल्टच्याही खाली मरतात. म्हणजे माणसाच्या अंगावर ५००, ८००, हजार व्होल्ट आहेत, त्याला काही पत्ता नाही, तो आनंदाने बोर्ड उचलतो आणि आतल्या एखाद्या मॉसफेटच्या (हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेटखालचा जो काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो त्याला भोक पडतं. आवाज नाही, धूर नाही, वास नाही.

बरं सरळ मेला तर बरं, टेस्टिंगला रिजेक्ट होईल. खरा वैताग म्हणजे अर्धमेला पार्ट. टेस्टिंगला पास होतो, पॅक होतो, गाडीत बसतो आणि चार महिन्यांनी कुठेतरी घाटात गाडी बंद पडते. ते ईएसडीमुळेच झालं हे सिद्ध करणंही अवघड, म्हणून ह्या विषयावर बोलणारा माणूस कंपनीत कायम भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. मी तो म्हातारा.

चालण्याने केवढी वीज तयार होते ह्याचे आकडे ट्रेनिंगच्या पुस्तकांमध्ये वर्षानुवर्षं तेच छापलेत. कोरड्या हवेत साध्या व्हिनाइलच्या फरशीवर चाललं की १२,००० व्होल्टपर्यंत, आणि हवा दमट असली की तेच २५०. पावसाळ्यात आमच्याकडे सगळं सुखात चालतं ते म्हणूनच, आणि डिसेंबर-जानेवारीत नगर रोडच्या ह्या पट्ट्यात ओठ फुटतात, टाचा फुटतात आणि माझं काम वाढतं.

आता ह्यात बुटाचं काम काय. जागेवर बसून काम करणाऱ्याला रिस्ट बँड असतो, मनगटाला पट्टा, त्याची वायर टेबलाला, टेबल अर्थिंगला. पण माझ्यासारखा जो दिवसभर लाईनभर हिंडतो तो वायर घेऊन कुठे हिंडणार? त्याची वायर म्हणजे बूट. अंगावरचा चार्ज पायातून, मोज्यातून, आतल्या तळव्यातून, बुटाच्या सोलमधून, फरशीत आणि फरशीतून अर्थिंगला. सोल साध्या बुटासारखाच पीयूचा (पॉलियुरेथेनचा) दिसतो पण त्याच्यात वीज वाहून नेणारं मटेरियल मिसळलेलं असतं आणि आतला तळवाही तसाच असतो. ही साखळी आहे, एक कडी तुटली की बाकीचं सगळं शोभेचं. मी माझ्या टाचेखाली अख्खं सिलिकॉन घालून ठेवलं होतं, इन्सुलेटर, केबलवर चढवतात तसला. पुढचा चवडा तरी टेकत होता की, असं मी स्वतःच्या बचावासाठी म्हणून बघितलं, पण त्या कपांमुळे पाय वर उचलला गेला होता आणि सकाळी सात वाजता माझे पाय लाकडासारखे कोरडे होते.

त्या दिवशी कप काढले, हिरवा लागला, आत गेलो. पण मोज्याचं ते डोक्यातून जाईना. दुपारी त्या ताईंना चहाच्या वेळी विचारलं, आधीच सांगितलं की नाव कुठे लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, सर आम्ही काय हौसेने करतो का, लाल लागला की सुपरवायझर ओरडतो, लाईन उशिरा सुरू होते, आणि दहा मिनिटांनी आपोआप हिरवा लागतोच की.

दहा मिनिटांनी आपोआप. हे मला कुणी आठ वर्षांत सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन बसलो. लॉकरमधून काढलेला गार बूट, गार पाय, माझं स्वतःचं रीडिंग १८ कोटी ओम (ओम म्हणजे रेझिस्टन्सचं, विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). आमची वरची मर्यादा १० कोटी, म्हणजे नापास. तसाच उभा राहिलो, चार फेऱ्या मारल्या, पंधरा मिनिटांनी ४ कोटी. त्यात जादू काही नाही, पायाला घाम येतो, मोजा दमट होतो, साखळी जुळते. बूट बनवणाऱ्याने हा घाम हिशोबात धरलेलाच असतो. म्हणजे बायका मोजे ओले करत होत्या ते, दहा मिनिटांनी जे होणारच होतं ते आत्ता करून घेत होत्या. ह्याला लबाडी म्हणायचं का? मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. कारण त्याच ओल्या मोज्याखाली एखाद्याचा सोल खरंच खराब झालेला असेल किंवा कुणी माझ्यासारखं घरचं इनसोल घातलेलं असेल तर तेही झाकलं जातं, पाणी वाळलं की दुपारी तो माणूस हजार व्होल्ट घेऊन हिंडतोय आणि रजिस्टरमध्ये हिरवा.

सगळ्यांनी लवकर बूट घालून यावं असं सुचवणार होतो, पण बूट बाहेर घालून हिंडलं की सोलला रस्त्याची धूळ, ऑइल, बसमधली घाण चिकटते आणि तो थर पुन्हा रेझिस्टन्स वाढवतो. माझ्या बसप्रवासाची चूक ती हीच. मग सोपं केलं. सकाळची मीटिंग, काल किती रिजेक्शन, आज काय टार्गेट वगैरे जी आतमध्ये लाईनपाशी व्हायची ती लॉकररूमच्या पॅसेजमध्ये आणली. आल्या आल्या बूट घालायचे, तिथे दहा मिनिटं उभ्याने मीटिंग, मग टेस्टर. एवढं करायला मला तीन मेल आणि एक भांडण लागलं, का तर मीटिंगचा बोर्ड भिंतीला ड्रिल करून लावलेला होता. असो.

आता परचेसबद्दल थोडं गाऱ्हाणं. गेल्या वर्षी नवीन लॉट आला तेव्हा बॉक्सवर ठळक ‘अँटिस्टॅटिक’ लिहिलेलं, परचेसवाला म्हणाला हे घ्या तुमचे ईएसडी शूज, जोडीमागे तीनशे रुपये वाचवले. हे दोन वेगळे प्रकार आहेत हो. आयएसओ २०३४५ ह्या सेफ्टी बुटांच्या स्टँडर्डमधला अँटिस्टॅटिक म्हणजे १ लाख ओमपासून १०० कोटी ओमपर्यंत काहीही चालतं, तो मुख्यतः ठिणगी पडून आग लागू नये अशा जागी. ईएसडीवाल्याला १० कोटीच्या आत राहावं लागतं. आणि एएसटीएम ह्या अमेरिकन स्टँडर्डच्या लेबलवर एसडी १०, एसडी ३५, एसडी १०० असं लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे वरची मर्यादा किती मेगाओम ते, खालची तिघांचीही १ मेगाओम, म्हणजे १० लाख ओम. बॉक्सवर पिवळा त्रिकोण, त्यात हाताचं चित्र आणि वरती कमान, ही खूण बघून घ्या. त्या लॉटमधले निम्मे बूट आमच्या टेस्टरवर पास झाले आणि निम्मे नाही, आणि एवढ्यावरून "निम्मे तर चालतात ना" असं मला ऐकवण्यात आलं.

एक मात्र बघण्यासारखं असतं, चालण्याची टेस्ट. स्टँडर्डमध्ये, आयईसी ६१३४०-५-१ मध्ये, नुसता बुटाचा ओम बघून भागत नाही, माणूस त्या फरशीवर त्या बुटात चालताना त्याच्या अंगावर १०० व्होल्टच्या वर जाता कामा नये. ऑडिटर हातात एक धातूची दांडी देतो, तिची वायर यंत्राला, आणि सांगतो चाला. लॅपटॉपवर रेघ उमटते. पाऊल उचललं की रेघ वर, टेकलं की खाली, वर, खाली, ईसीजीसारखी. मी चाललो तेव्हा तीस-चाळीसच्या आसपास नाचत होती. मग गंमत म्हणून ऑडिटरने एका व्हिजिटरला साध्या बुटावर फक्त एका पायात हील स्ट्रॅप, म्हणजे टाचेला बांधायचा वीज वाहून नेणारा पट्टा, घालून चालवलं. स्ट्रॅपवाला पाय जमिनीवर असेपर्यंत रेघ तळाशी, तो पाय उचलला रे उचलला की एकदम कडा चढल्यासारखी वर. पाऊल जमिनीपासून लांब गेलं की अंगाची चार्ज साठवायची क्षमता कमी होते, चार्ज तेवढाच राहतो, मग व्होल्टेज वाढणारच. तेव्हापासून आमच्याकडे व्हिजिटरला दोन स्ट्रॅप, आणि त्याची काळी पट्टी मोज्याच्या आत, कातडीला लागेल अशी. साहेब लोक पट्टी मोज्याच्या बाहेर लोंबकळत ठेवतात, शेपटीसारखी.

टाचेचं काय झालं विचाराल तर वीज वाहून नेणारे टाचेचे इनसोल मिळतात, काळ्या कापडाचे, बुटाच्या कंपनीकडूनच मागवले, कारण बाहेरचं काही घातलं की आधीचं सर्टिफिकेट धरता येत नाही. सिलिकॉनएवढा आराम नाही. टाच अजून दुखते, पावसाळ्यात जरा कमी.

हे सगळं मी संक्रांतीला गावी गेलो तेव्हा आण्णांना सांगत होतो. आण्णा वीज बोर्डात वायरमन होते. २००५ मध्ये बोर्डाचे भाग होऊन महावितरण झालं, पण त्यांच्या तोंडी अजून बोर्डच. त्यांच्या खांबावर चढायच्या काळातले बूट अजून माळ्यावर आहेत, जाडजूड रबरी सोल, आणि आम्हाला लहानपणापासून एकच शिकवण, ओल्या पायाने बटणाला हात लावायचा नाही, पायात रबर पाहिजे, करंटला खाली वाट मिळता कामा नये.

मी बूट दाखवले. त्यांनी हातात घेतले, सोल वाकवून बघितला, टो कॅपवर बोटाने टकटक केलं. म्हणाले, "ह्याच्यातून करंट जातो?"

म्हटलं, "हो, जावाच लागतो."

"मंग ह्याला सेफ्टी कोण म्हणतं?"

मी ट्रेनिंगमध्ये सांगतो तसं सांगायला लागलो, सेमीकंडक्टर, डिस्चार्ज, त्यांचे डोळे खिडकीबाहेर गेले. मग उठलो आणि त्यांच्या पिशवीतला लाईन टेस्टर आणला, तोच पिवळ्या दांड्याचा, ज्याच्या डोक्याला बोट लावलं की आत लाल दिवा लागतो. म्हटलं आण्णा, हा फेजला लावून डोक्याला बोट लावता तेव्हा करंट कुठून जातो? ते म्हणाले, माझ्यातून. मग तुम्हाला बसत का नाही? तर म्हणाले आत रेझिस्टन्स असतो ना लेका, म्हणून. म्हटलं तोच. ह्या बुटाच्या तळव्यात जवळजवळ तेवढाच रेझिस्टन्स आहे, कमीत कमी १० लाख ओम, २३० व्होल्टला हात लागलाच तर एका पायातून पाव मिलीअँपिअरसुद्धा जात नाही. अंगावरची ती कोरडी वीज मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागात निघून जाते, कारण ती असतेच चिमूटभर. वाट आहे, पण अरुंद आहे.

त्यांना पटलं. पटलं की ते बोलत नाहीत, वस्तू परत जागेवर ठेवतात. बूट ठेवले, चहा घेतला, आणि मग एकदम म्हणाले, "पावसात भिजल्यावर?"

मी म्हटलं, भिजला की रेझिस्टन्स कमी होतो, म्हणून टेस्टरवर खालची मर्यादाही असते, जास्त कमी झाला तरी लाल लागतो. ह्या उत्तरावर मी जरा खूश होतो.

"आणि तुमच्यातला पॅनेलवाला? मेन्टेनन्सचा. तो काय घालतो?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आमच्या कंपनीत सरसकट सगळ्यांना तेच बूट दिले जातात, युनिफॉर्मसारखे, मेन्टेनन्सच्या पोरांनासुद्धा, आणि ती पोरं ४१५ व्होल्टचं पॅनेल उघडून तेच बूट घालून समोर उभी असतात. लाईव्ह कामाला हे बूट वापरायचे नाहीत हे त्यांच्या बॉक्समधल्या कागदावरच लिहिलेलं असतं, तो कागद मी ट्रेनिंगच्या स्लाईडवर टाकलाय, स्वतः वाचून दाखवतो, ऑपरेटरना. मेन्टेनन्सला माझं ट्रेनिंग नसतंच, ते वेगळ्या डिपार्टमेंटचे.

आण्णा म्हणाले, "पॅनेलपुढं मॅट तरी आहे ना रबराची?"

मॅट आहे. सोमवारी आल्या आल्या बघून आलो. मोठ्या पॅनेलपुढे आहे, छताजवळच्या लहान डीबी (वीज वाटून देणाऱ्या पेट्या) आहेत तिथे शिडीवर चढतात, तिथे नाही. मेन्टेनन्सच्या इंजिनिअरला घेऊन बसलो, तो आधी म्हणाला इतकी वर्षं काही झालं नाही, मग कागद वाचला आणि गप्प झाला. आता त्या सहाजणांना दुसरी जोडी आलीय, इन्सुलेशनवाली, तांबड्या नाडीची, लांबून ओळखू यावी म्हणून नाडी मुद्दाम बदलून घेतली. पॅनेलचं काम असेल तर तांबडी नाडी, लाईनवर यायचं असेल तर काळी. तांबडी घालून कुणी चुकून लाईनच्या टेस्टरवर उभा राहिला की लाल लागतो, आणि त्या वेळी मला फार बरं वाटतं.

आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "शिडी लाकडाची आहे का ॲल्युमिनियमची?"

उद्या बघतो.